केडगावचे मुक्तिसदन

पुण्याहून दौंडाकडे जाणारी आगगाडी उरुळी आणि यवत ही स्टेशने मागे टाकून भीमथडीच्या सपाट मुलखात शिरली की खिडकीबाहेर पाहणाऱ्या आजच्या प्रवाशाला ठिकठिकाणी उसाचे फड दिसतात, आणि त्यामुळे सव्वाशे वर्षांपूर्वी हाच टापू केवढा रखरखीत असेल याची कल्पना त्याला सहसा येत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रिता होऊन आलेला पाऊस इथवर पोचेपर्यंत ओसरलेला असे. ज्वारी-बाजरीचे पीक एका साली घराला पुरे, तर दुसऱ्या साली पेरलेले बियाणेही परत हाती लागत नसे. अशा या मुलखात, केडगाव स्टेशनाच्या जवळच, पंडिता रमाबाई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुमारे शंभर एकर जमीन खरेदी केली. खरेदीमागचा हेतू अगदी व्यवहारी होता. अमेरिकेतील बोस्टन येथे १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवांसाठीच्या शारदा सदनाचा खर्च चालविण्याचे वचन दिले होते खरे, परंतु ते केवळ दहा वर्षांपुरते. ती मुदत भरल्यानंतर सदनाचा योगक्षेम कशावर चालावा या विवंचनेतून, आंबे-संत्र्यांची बाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर मुलींचा निर्वाह व्हावा, असा बेत बाईंनी केला होता. बाग लागली; पण झाडांना फळे धरण्याच्या आत त्या झाडांच्या सावलीखाली जी माणसे येऊन पडली, त्यांची गणना कोणत्याही बेतात झालेली नव्हती.

मराठी वाचकाला रमाबाई ठाऊक आहेत त्या बहुधा विद्वत्तेमुळे, धर्मांतरामुळे आणि त्यावरून उठलेल्या वादळामुळे. केडगावच्या रमाबाई त्या मानाने अपरिचित राहिल्या. आणि मला वाटते, शोकाने खचलेल्या माणसाला ख्रिस्ती श्रद्धेने आशा कशी दिली याचा शोध महाराष्ट्रात घ्यायचा झाल्यास तो धर्मोपदेशकांच्या प्रवचनांत घेण्यापेक्षा या माळावरच्या विहिरींत, मागांत, गोठ्यांत आणि छापखान्यात घेणे अधिक फलदायी ठरेल. कारण ज्या बाईने हे सारे उभारले, तिला सांत्वनाचे पोकळ शब्द देणे शक्यच नव्हते. पोकळ शब्द कशाला म्हणतात हे तिने आयुष्याच्या सोळाव्या वर्षी जाणले होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पत्नीला संस्कृत शिकवण्याचे धाडस करणारे आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करणारे विद्वान ब्राह्मण. पुढे द्रव्य संपले, आश्रम मोडला, आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करीत देशभर फिरू लागले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा पुराण ऐकायला श्रोता राहिला नाही आणि दक्षिणा द्यायला दाता राहिला नाही. जवळचे पैसे संपले, भांडी विकली गेली, देवळांतून अनुष्ठाने झाली, ब्राह्मणांना होते नव्हते ते दान देऊन झाले; देव प्रसन्न होण्याचे चिन्ह दिसेना. शेवटी तिरुपतीच्या परिसरातील अरण्यात अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढल्यानंतर दृष्टी गेलेल्या वृद्ध पित्याने जलसमाधी घेण्याचा निश्चय केला आणि एकेका मुलाला जवळ घेऊन निरोप दिला. धाकट्या रमेला त्याने पोटाशी धरून सांगितले की, मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याची आहेस, आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. मुलाने, म्हणजे श्रीनिवासाने, आपण जात-विद्येचा अभिमान सोडून मजुरी करू, पण बाबा, तुम्ही जीव देऊ नका, असे विनवले, तेव्हा जलसमाधी टळली. मृत्यू मात्र टळला नाही. वडील गेले, त्यांच्यामागोमाग आई लक्ष्मीबाई गेली.

आईच्या अंत्यविधीचा प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे आणि तो वाचताना मन बधिर होते. खांदा द्यायला ब्राह्मण मिळेनात; मोठ्या मिनतवारीने दोघे आले; तिसरा मुलगा श्रीनिवास; चौथा खांदा कोणाचा? तो मुलीने दिला. परंतु मुलगी अंगलोटाने ठेंगणी, तिरडी खांद्यावर घेतली तर एका बाजूस कलणार; म्हणून स्मशान लांब असूनही आपल्या वाट्याचा भार तिने डोक्यावर घेतला. नंतर थोरली बहीण कृष्णाबाई हीही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत उत्तरेस पोचली, आणि झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नसल्यामुळे वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून, मान तेवढी बाहेर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. भुकेपायी रानबोरे आठळ्यांसकट गिळली. आपल्याकडे दुष्काळाची वर्णने पुष्कळ झाली आहेत. पण दुष्काळातून वाचलेल्या व्यक्तीने स्वतःच्या भुकेची अशी नोंद ठेवल्याची उदाहरणे त्या काळात फार थोडी, आणि ती व्यक्ती स्त्री असल्याचे उदाहरण तर मला दुसरे आठवत नाही.

पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण पदव्यांमागे मृत्यूची पावले चालतच होती. १८८० साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि ती वर्षाचीही झाली नव्हती तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने पती गेला. चोवीस वर्षे पूर्ण होण्याच्या आत आईबाप, बहीण, भाऊ आणि पती अशी पाच माणसे गमावलेली ही विधवा कडेवर लेक घेऊन पुण्यास आली आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी उभी राहिली.

श्रद्धेचा प्रश्न येथून पुढचा. १८८३ साली रमाबाई वैद्यकाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात उतरल्या. तेथेही शोकाने पाठ सोडली नाही. सोबत आलेल्या मैत्रिणीचा त्या परक्या भूमीत दुर्दैवी अंत झाला. याच दिवसांत त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे भगिनींनी चालवलेले, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांचे आश्रयगृह पाहायला मिळाले. ज्यांच्याकडे आपल्या शास्त्रांत दंड आणि तिरस्कार यांवाचून दुसरी दृष्टी नव्हती, अशा स्त्रियांची शुश्रूषा प्रेमाने होत आहे हे पाहून त्यांनी तेथील भगिनीला कारण विचारले, आणि तिने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा, वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, गावाने वाळीत टाकलेल्या त्या बाईशी ख्रिस्त भर दुपारी विहिरीच्या काठावर बसून बोलतो आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, या गोष्टीने रमाबाईंचे अंतःकरण हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे दुःखाचा निचरा झाला, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी रमाबाईंची १९०७ सालची साक्ष अवश्य वाचावी. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो बुद्धीला पटला म्हणून. ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी निःसंकोच कबुली त्यांनी तीत दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्या इंग्लंडात शिकल्या, अमेरिकेत व्याख्याने देत हिंडल्या, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढून पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले, आणि या साऱ्या काळात त्यांच्या आत एक पोकळी तशीच राहिली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना, मनुष्याला देवाकडून जे मिळते ते त्याच्या कर्तबगारीचे वेतन म्हणून मिळत नाही, ही गोष्ट १८९१ च्या सुमारास त्यांच्या मनात उतरली आणि तेव्हा कुठे चित्त स्थिर झाले. मला हा आठ वर्षांचा अवधी फार महत्त्वाचा वाटतो. तीर्थे, अनुष्ठाने, दाने यांचा एकेक पैशाचा हिशोब करून देवाकडून पाऊस मागणाऱ्या आणि अखेर अरण्यात उपाशी पडलेल्या कुटुंबातील मुलीला, हिशोबाबाहेरचा देव ओळखायला वेळ लागणारच. आणि एकदा तो ओळखला गेल्यावर वडिलांचा तो अरण्यातला निरोप तिला निरर्थक वाटला नाही, हे विशेष. तू देवाची आहेस, असे म्हणणारा पिता शेवटपर्यंत वैष्णव होता. त्याच्या शब्दांची पूर्तता आपल्या हातून होत आहे असे मानणारी मुलगी ख्रिस्ती होती. बापाच्या धर्माचा त्याग करून बापाच्या आज्ञेचे पालन करणे, हे नाते वादविवादाच्या धुरळ्यात महाराष्ट्राला कधी नीट दिसले नाही.

१८९६ च्या पावसाने दगा दिला आणि मध्य प्रांतातून भुकेच्या वार्ता येऊ लागल्या. त्याआधी लोणावळ्याला भरलेल्या एका उपासना-मेळाव्यात सदनातील पंधरा मुलींसह हजर असताना, या पंधरांच्या पंधरापट मुली माझ्या पदरी घाल, अशी प्रार्थना बाईंनी केली होती. त्या घरी आल्या आणि दुष्काळ उभा राहिला. प्रथम त्या कचरल्या. हाती पैसा नाही, माणसे थोडी, आणि जुन्या उपासमारीची स्मृती इतकी जिवंत की दुष्काळी मुलखात पाऊल टाकण्याच्या कल्पनेनेच अंगावर काटा यावा. पण ती स्मृतीच त्यांना घेऊन गेली. १८९७ च्या आरंभी त्या मध्य प्रांतात हिंडल्या. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणारे लोक, गरीबखान्यांतून मुठीएवढ्या पिठासाठी होणारी रेटारेटी, रस्त्याकडेला आईच्या प्रेताजवळ बसलेली मुले हे सारे त्यांनी पाहिले; आणि आणखी एक गोष्ट पाहिली, जी सरकारी अहवालांत सहसा उतरत नसे: निराधार तरुण मुलींच्या मागावर असलेले दलाल. आपण आणि आपली बहीण अशाच वाटांवरून चाललो होतो, आणि कोणाच्या हाती सापडलो नाही ही निव्वळ ईश्वरी कृपा, असे त्यांनी पुढे लिहिले. मुलींच्या एकेक तुकड्या आगगाडीने पुण्याकडे येऊ लागल्या, आणि वर्षअखेर अशा मुलींची संख्या तीनशेच्या आसपास गेली.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. दाटीच्या जागेत नव्या माणसांना ठेवू नये असा अधिकाऱ्यांचा हुकूम झाला आणि मुलींना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीच्या बाबतीत घडलेल्या प्रकाराने संतप्त होऊन बाईंनी मे १८९७ मध्ये ‘बाँबे गार्डियन’ पत्रात सरकारी व्यवस्थेवर कडक टीका केली. ख्रिस्ती झाली म्हणून ही बाई सरकारच्या ओंजळीने पाणी पिते, असे मानणाऱ्यांनी ते पत्र लक्षात ठेवावे. इकडे केडगावी घर नव्हते. तंबू आणि गवताचे छप्पर घातलेल्या झोपड्या, वर उन्हाळा, पुढे पावसाळा. मुली हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर क्षते, केसांत उवा, डोळे आलेले. कित्येक वाचल्या नाहीत. उपासमारीने ज्यांची आतडी निकामी झाली होती, त्यांना पुढे वाढलेले अन्नही तारू शकले नाही. केडगावच्या आशेचा इतिहास सांगताना तेथल्या पहिल्या कबरी विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता या मुलींचे करायचे काय? येथे रमाबाईंनी जे केले त्यात मला त्यांच्या श्रद्धेचे खरे स्वरूप दिसते. शारदा सदनात शिकलेल्या विधवा, ज्यांचे स्वतःचे केस कधीकाळी भादरले गेले होते आणि ज्या स्वतः घराच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे बसून होत्या, त्यांच्याकडे बाईंनी या मुली सोपवल्या. ज्या स्त्रीला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून सासरी पहाटे तोंडही दाखवू दिले नव्हते, तिच्या मांडीवर आता परमुलुखातले, परजातीचे, अंगाला घाण येणारे पोर होते, आणि तिला त्याचे डोके धुवायचे होते. राख आणि शिकेकाई, कोमट पाणी, फाटक्या लुगड्याचा बोळा. आधी पातळ पेज, मग काही दिवसांनी भाकरी. रात्री मुली झोपेत किंचाळून उठत, तेव्हा शेजारी निजलेली बाई उठून जवळ बसे. जी स्वतः शोकात होती तिला सांत्वन सांगत बसण्याऐवजी सांत्वन करण्याचे काम दिले गेले, आणि त्या कामात तिच्या स्वतःच्या दुःखालाही वाट मिळाली. याला योजना म्हणावे की अगतिकता, हा वाद निरर्थक आहे; हाताशी दुसरी माणसे नव्हती हे खरे, पण दुःखितालाच दुःखिताची भाषा कळते हे बाईंना झेलमच्या वाळूत कळलेले होते, हेही तितकेच खरे.

२० सप्टेंबर १८९९ रोजी प्रार्थनामंदिराची कोनशिला बसली. त्याच साली पावसाने पुन्हा तोंड फिरवले, आणि गुजरात-काठेवाडात ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात, संवत १९५६ चा तो भयंकर दुष्काळ सुरू झाला. गुजरातेतून मुलींचा दुसरा लोंढा आला, आणि १९०० साल संपता संपता केडगावी राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. एवढ्या माणसांना प्यायला पाणी हीच मोठी चिंता. विहिरी आधीच खणलेल्या होत्या, आणखी खणल्या. अवर्षणाच्या त्या वर्षी त्या पुरल्या याला रहिवाशांनी देवाची कृपा म्हटले, आणि कुदळ-फावडे चालवलेल्या माणसांनी ते म्हटले असल्यामुळे त्या उद्गाराचा मान राखला पाहिजे.

मुक्तिसदन हे नाव पावलेल्या या वसाहतीत हळूहळू कामाच्या शाखा फुटल्या. हातमागावर लुगडी विणली जाऊ लागली, तेलाचा घाणा सुरू झाला, दुभती जनावरे आली, भाजीपाला पिकू लागला, शिवणकाम, विणकाम, दळण-कांडण, बांधकामाला हात लावणे हे सारे स्त्रियाच करीत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले; फुलहॅमच्या त्या आश्रयगृहाचे ऋण येथे फिटले असे म्हणता येईल. देवीच्या रोगाने वा दुष्काळाने दृष्टी गमावलेल्या मुलींसाठी बार्तिमी सदन झाले. त्याचे नाव यरीहोच्या वेशीवर भीक मागत बसलेल्या आणि येशूला हाका मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयावरून ठेवलेले. मनोरमा परदेशी शिकत असताना उठावाच्या ठिपक्यांची ब्रेल लिपी शिकून आली होती. तिने ती या मुलींना शिकवली. बोटांच्या टोकांनी अक्षर ओळखणारी आंधळी मुलगी मराठी मुलखाने त्या काळी क्वचितच पाहिली असेल.

१९०५ च्या जून महिन्यात मुक्तिसदनात जे घडले त्याची वार्ता इंग्लंड-अमेरिकेपर्यंत गेली. प्रार्थनेला बसलेल्या मुली एकाएकी मोठमोठ्याने रडू लागल्या, आपली पापे बोलून दाखवू लागल्या, शेकडो कंठांतून एकाच वेळी प्रार्थना निघू लागल्या, आणि हे तासन्‌तास, दिवसेंदिवस चालले. बाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्याचे वर्णन लिहिले आहे. ख्रिस्ती मंडळींतल्याच काही शिस्तप्रिय लोकांना हा भावनेचा अतिरेक वाटला. मी धर्मशास्त्राचा अधिकारी नाही. परंतु त्या रडण्याविषयी मला एक गोष्ट राहून राहून वाटते. दुष्काळात माणसाला शोक करायला उसंत नसते. आई रस्त्यात पडली तर मागे वळून न पाहता पुढच्या अन्नछत्राकडे चालावे लागते. मेलेल्याचे दिवस घालायला ना धान्य असते, ना नातलग. १८९७ आणि १९०० साली ज्या मुली कोरड्या डोळ्यांनी आगगाडीतून उतरल्या, त्यांचे अश्रू आठ आणि पाच वर्षे थबकून राहिले असतील, आणि पोटाला अन्न, डोक्यावर छप्पर व शेजारी माणूस मिळाल्यावर ते एके दिवशी फुटले असतील, असे मानायला हरकत दिसत नाही. ख्रिस्ती श्रद्धा शोकाला मज्जाव करीत नाही. तिच्या शास्त्रातील स्तोत्रांचा मोठा भाग म्हणजे देवापुढे मांडलेली गाऱ्हाणी आहेत, आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगणाऱ्या त्याच योहानाने, मित्र लाजार याच्या थडग्याशी येशू रडला, हेही नोंदवून ठेवले आहे. त्याला आपण आता उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. ज्या देवाने स्वतः रडून घेतले, त्याच्यापुढे रडण्यास त्या मुलींना संकोच वाटला नाही.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे. भुकेल्या मुलांना अन्न देऊन त्यांचा धर्म बदलणे हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो क्षुल्लक नव्हता. १८९३ सालीच शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात या कारणावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. ‘केसरी’ने तर तोफच डागली होती. केडगाव उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि बाईंनी ते कधी लपवले नाही. आश्रित मुलाचा होकार कितपत स्वतंत्र असतो, हा प्रश्न मला आजही सुटलेला वाटत नाही. पण त्याच्याच शेजारी हेही मांडले पाहिजे की, त्या मुलींसाठी दुसरीकडे वाट पाहत उभे होते ते दलाल; आणि जन्मभर शाकाहारी राहिलेली, पांढरे सुती लुगडे नेसणारी, परदेशी पाद्र्यांच्या अधिकारापुढे मान न तुकवणारी ही बाई आपल्या मुलींना मडमा बनवीत नव्हती. अहमदनगरात त्याच काळात नारायण वामन टिळक ख्रिस्ताला अभंगा-कीर्तनातून मराठी घरात आणू पाहत होते. केडगावात तेच काम जात्यावर आणि मागावर चालले होते.

बाईंच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वाकडे वळताना मला थोडे थांबावेसे वाटते. गेली कित्येक वर्षे त्यांनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले होते. प्रचलित भाषांतराची मराठी खेड्यातल्या, नुकती अक्षरओळख झालेल्या बाईला जड जाते, हे त्यांनी रोजच्या शिकवण्यात अनुभवले होते. म्हणून पन्नाशीच्या आसपास पोचलेल्या, कानांनी मंद होत चाललेल्या या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, कोश आणि व्याकरणे मांडून एकटीने मजकूर सिद्ध केला, आणि तो मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापायला घेतला. छापखाना स्त्रियांचा. खिळे जुळवणाऱ्या स्त्रिया, मुद्रिते तपासणाऱ्या स्त्रिया, यंत्रावर कागद चढवणाऱ्या स्त्रिया, फर्मे घडी करून शिवणाऱ्या स्त्रिया. लाकडी खणांतून काना-मात्रा-वेलांट्यांचे शिसाचे खिळे एकेक उचलून ओळ भरायची, दोरीने बांधायची, मुद्रित काढायचे, बाईंकडे न्यायचे. बाई दुरुस्त्या करून परत पाठवीत, आणि पुन्हा खिळे काढून दुसरे बसवायचे.

मनोरमा ही एव्हाना आईचा उजवा हात झाली होती. निजामाच्या मुलखात गुलबर्ग्याला तिने शाळा चालवली होती, मुक्तिसदनाचा बराचसा कारभार तिच्या अंगावर होता, आणि पुढे सारे तिनेच पाहायचे हे ठरल्यासारखे होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती वारली. सिलचरला पतीच्या मृत्यूनंतर ज्या लेकीला कडेवर घेऊन बाई निघाल्या होत्या, ती शेवटची आप्त व्यक्तीही गेली. सोळाव्या वर्षी आईची तिरडी डोक्यावर घेतलेल्या स्त्रीला त्रेसष्टाव्या वर्षी मुलीला निरोप द्यावा लागला. पुनरुत्थानावरची श्रद्धा अशा वेळी दुःख हलके करते, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. बाईंची प्रकृती त्यानंतर सावरली नाही, एवढे स्पष्ट दिसते. पण त्यांच्या हातचे काम थांबले नाही, हेही स्पष्ट दिसते. दोन हजार मुलींच्या काळी जी गोष्ट त्या इतरांना करायला लावीत, तीच त्यांनी आता स्वतः केली: सकाळी उठून मुद्रितांचा गठ्ठा पुढे ओढला. भेट होणार आहे, असे मानणाऱ्या माणसाचा वियोग वियोगच असतो. मात्र मधला काळ त्याला रिकामा वाटत नाही, आणि त्या आठ-नऊ महिन्यांत बाईंनी जेवढी पाने तपासली ती पाहता हा मधला काळ त्यांनी कसा जाणला असेल याचा अंदाज करता येतो.

भाषांतराचा शेवटचा मजकूर तपासून झाला, आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच रमाबाईंचे देहावसान झाले. छापखान्यातले काम त्यानंतरही चालू राहिले, कारण राहिलेली पाने जुळवायची, छापायची आणि बांधायची होती. १९२४ साली संपूर्ण ग्रंथ केडगावहून प्रसिद्ध झाला. तो सिद्ध करणाऱ्या त्या छापखान्याला हात पुरवले होते ते दुष्काळात आईबाप गमावून, अक्षरशत्रू म्हणून केडगाव स्टेशनावर उतरलेल्या मुलींनी.